विंचवाच्या गाडीतून वरंधा घाट

पुण्याहून महाडला जाण्याचे रस्ते तीन. ताम्हिणी घाटाने माणगावला उतरायचे आणि मुंबई-गोवा महामार्ग धरायचा, हा एक. महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे, हा दुसरा. तिसरा भोरवरून वरंधा घाटाचा. क्रांतिभूमीला जाणारी आपली माणसे बहुधा एस.टी.ने नाहीतर वस्तीने मिळून ठरवलेल्या गाडीने जातात. रस्ता कोणता घ्यायचा हे ड्रायव्हर ठरवतो, आणि आपण खिडकीला डोके टेकून झोपी जातो. महाड आले की उठायचे, ओंजळ भरायची, वंदना घ्यायची आणि परत फिरायचे. मधला सह्याद्री कोणी पाहत नाही.

गेल्या फेब्रुवारीतील एका रविवारी आम्ही पाच जण वरंध्याने गेलो. माझी थोरली बहीण अक्का, दाजी, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि मी. गाडी भाच्याची होती. या गाडीविषयी आधी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्या दिवशी सारा प्रवास तिच्या स्वभावावरच चालला होता.

गाडीचे नाव अबार्थ पुंटो. दिसायला छोटी, चार दारांची, घरगुती. पण पुढच्या टोकाला बिल्ल्यावर चक्क विंचू आहे. अक्काने पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, "अरे, गाडीवर कुणी इंचू बसवतं का?" त्याची हकीकत अशी की, व्हिएन्ना येथे जन्मलेले कार्लो अबार्थ हे शर्यतीच्या मोटारी तयार करणारे गृहस्थ. त्यांनी १९४९ साली इटलीत आपली कंपनी काढली. त्यांची रास वृश्चिक, म्हणून बिल्ल्यावर विंचू. रास, नक्षत्र, मुहूर्त हे सर्व सोडून आलेल्या बौद्धाच्या दारात इटलीहून रास येऊन उभी राहिली, याची आमच्याकडे पुष्कळ थट्टा झाली. गाडी आणली त्या दिवशी लिंबू-मिरची नाही, नारळ नाही. घरच्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील घेतले, मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जयभीम' लावले, आणि विंचू पुढे तसाच राहू दिला.

गाडी इटलीची खरी, पण ही गाडी इटलीत बनलेली नाही. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावला फियाटचा कारखाना आहे, तेथे ती तयार झाली. याच रस्त्यावर अलीकडे पेरणे फाट्याजवळ भीमा कोरेगावचा विजयस्तंभ आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे मानवंदना द्यायला आले होते, आणि त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात महाड घडले. भाचा आय.टी.आय. करून रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला, तेव्हा रस्त्याच्या कडेला कंपनीच्या बसची वाट पाहत उभा असे. मोठ्या ट्रेलरवर चढवलेल्या नव्या मोटारी पुण्याकडे जाताना तो पाही. २०१५ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा किंमत दहा लाखांच्या घरात होती. त्याला ती परवडण्यासारखी नव्हती. फियाटने २०१९ च्या सुमारास भारतात गाड्या विकणे थांबवले. पुढे जुन्या बाजारात एक नीट जपलेली गाडी त्याला सापडली. काही रक्कम साठवलेली, बाकी पतपेढीचे कर्ज. हप्ता चालू आहे.

विहारातील एक-दोघांना हे रुचले नाही. एवढ्या पैशात काय काय झाले असते, याची यादी त्यांनी मला ऐकवली. मी स्वतः कारकून, हिशेब मलाही येतो. पण जो मुलगा हप्त्याबरोबर विहाराची वर्गणी चुकवत नाही, बहिणीच्या शिक्षणाला हात देतो, त्याने गाडी कोणती घ्यावी हे त्याच्यावर सोडावे असे माझे मत आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सायलेन्सर काढून मोटारसायकली फुरफुरवणाऱ्यांना मात्र मी कधी माफ करत नाही, मग ते आपले असोत की परके.

आता गाडीचा स्वभाव. तिचे इंजिन चौदाशे सी.सी.च्याही आतले आहे, पण ताकद १४५ अश्वशक्तीची. त्याच पुंटोच्या साध्या बाराशे सी.सी. पेट्रोल इंजिनात ती जेमतेम ६८ होती. हा फरक मुख्यतः टर्बोने पाडला आहे. ट्रकच्या मागे 'टर्बो' लिहिलेले आपण लहानपणापासून वाचत आलो, पण ते काय असते हे फारसे कोणी सांगत नाही. अक्काला मी चुलीवरून सांगितले. चुलीत लाकूड पुष्कळ असले तरी वारा नसेल तर धूरच होतो. फुंकणीने फुंकले की भडका उठतो. इंजिनाचेही तसेच. पेट्रोल हवे तेवढे देता येते, पण ते जाळायला हवा पुरली पाहिजे. टर्बो ही इंजिनाची फुंकणी. मात्र ही फुंकणी कोणी तोंडाने फुंकत नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने एक छोटे चाक फिरते, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. ही चाके मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात. धूर वाया जायचा, तो कामाला लावला. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ सालीच घेतले होते.

खोच पुढेच आहे. इंजिन सावकाश फिरत असेल तर धूर कमी. धूर कमी म्हणजे चाक मंद, चाक मंद म्हणजे फुंक नाही. अशा वेळी ड्रायव्हरने पाय दाबला तरी गाडी क्षणभर गप्प बसते. मग धूर वाढतो, चाक वेग धरते, आणि मागितलेली ताकद एकदम अंगावर येते. मागणे आणि मिळणे यांच्या मधल्या या उशिराला 'टर्बो लॅग' म्हणतात. अक्काने त्याला सोपा शब्द काढला, "गाडी दम खाते."

नव्या गाड्यांत हा उशीर पुष्कळ कमी केलेला असतो. लहान, हलकी चाके लावतात म्हणजे ती लवकर फिरू लागतात. भाच्याच्या गाडीत मात्र तो चांगला जाणवतो. साधारण दोन हजार फेऱ्यांच्या खाली ती एखाद्या सुस्त बैलासारखी चालते आणि त्याच्या वर गेली की उधळते. सपाट मोकळ्या रस्त्यावर याची गंमत वाटते. पाठ सीटला चिकटते, पुढून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. तरुण मुलांना हे आवडते, त्यात नवल नाही.

सकाळी सहाला येरवडा सोडले. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून कापूरहोळला उजवीकडे वळलो. येथून भोरचा रस्ता दोन पदरी, वळणाचा. दोन्ही बाजूंना भातकापणी झालेली खाचरे. पुढे भाताच्या पेंढ्याने गच्च भरलेला ट्रॅक्टर चालला होता. त्याच्या मागे आमची गाडी चौथ्या गिअरमध्ये, ताशी चाळीसच्या आसपास. रस्ता थोडा सरळ दिसताच भाच्याने गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला.

काहीच झाले नाही. एक सेकंद, दोन सेकंद. आम्ही ट्रॅक्टरच्या बरोबरीला, उजव्या बाजूला, आणि गाडी दम खात होती. समोरच्या वळणावरून दुधाचा टेम्पो आला. भाच्याने आत परत यायचे ठरवून ब्रेककडे पाय नेला, आणि नेमकी तेव्हाच शक्ती आली. गाडीने पुढे झेप घेतली. त्याने करकचून ब्रेक लावला, गाडी डोलली, ट्रॅक्टरच्या मागे कशीबशी येऊन पडली. टेम्पोवाला हॉर्न वाजवत निघून गेला. गाडीत कोणी काही बोलले नाही. सूनबाईने अक्काचा हात धरून ठेवला होता.

भोरच्या एस.टी. स्टँडजवळ चहाला थांबलो. अक्का उतरली ती पिशवी घेऊनच. म्हणाली, "तुम्ही या तुमच्या इंचवातनं. मी आपली यष्टीनं येते."

भाचा म्हणाला, "आई, झालं काही का? थोडा लॅग मारला, एवढंच."

"तुझा लॅग तुझ्यापाशी ठेव. ही पोरगी दोन जिवांची हाय, कळतंय का तुला?"

सूनबाईला चौथा महिना होता. हे आम्हां पुरुषांना तेव्हाच कळले. भाच्याला ठाऊक असणार, कारण त्याने मान खाली घातली. दाजी तीस वर्षे ट्रकवर होते, त्यातली पहिली नऊ क्लीनर म्हणून. ते बशीत चहा ओतून प्यायले आणि एवढेच म्हणाले, "ट्रकालाही टर्बो असतो. पण ट्रक घेऊन कोण असा बाहेर पडतो?"

अक्का बाकावरून हलेना. मग मी त्यांना चाळीसगावची गोष्ट सांगितली. आपल्यातल्या पुष्कळांना ती ठाऊक असेल, पण तरुण मुलांना ती पूर्ण ठाऊक नसते, असा माझा अनुभव आहे. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. साल १९२९. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद होते. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी स्टेशनावर त्यांना आग्रह केला की आज रात्री वस्तीवर राहा. बाबासाहेब थांबले. पण स्टेशनावरून वस्तीवर न्यायला टांगा मिळेना. तासभर गेला. शेवटी टांगा आला आणि बाबासाहेब एकटे त्यात बसले. दोनशे पावलांतच समोरून आलेल्या मोटारीवर टांगा आदळता आदळता राहिला. पुढे नदीवरच्या फरशीवर कडेच्या दगडाला चाक आपटले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

कारण नंतर कळले. स्टेशनावरचे टांगेवाले महाराला टांग्यातून न्यायला तयार नव्हते. टांगा नुसता भाड्याने द्यायला मालक राजी झाला, पण हाकणार कोण? पाहुणा पायी वस्तीवर यावा हे आपल्या लोकांच्या मनाला पटेना. म्हणून त्यांच्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता.

याच्या आधीची मसूरची गोष्टही मी जोडली. १९०१ साली लहानगे भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांकडे गोरेगावला निघाली होती. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळताच एकही गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. पोरांनी गाडी हाकली.

दाजी म्हणाले, "म्हणजे पोरांनी हाकली आणि नीट गेली. टांगेवाला मोठा बाप्या, तो पडला."

मी म्हटले, "घोडा निराळा, बैल निराळा."

भाचा बराच वेळ कप हातात धरून बसला होता. मग तो सूनबाईकडे न पाहता म्हणाला, "मामा, गिअर आधी उतरवायला पाहिजे होता मी. बाहेर पडायच्या आधीच. चौथ्यात दाबून ती उठत नाही, मला माहीत आहे." आणि आईला म्हणाला, "तू पुढं बस. तू सांगशील तेव्हाच बाहेर काढतो." अक्का पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसली. उजवीकडे दाजी असते तर तिला अधिक बरे वाटले असते हे उघड होते, पण दाजींची नजर आता अधू झाली आहे.

भोरच्या पुढचा रस्ता म्हणजे डोळ्यांचे पारणे फेडणारा प्रकार. नीरा-देवघर धरणाचे पाणी मैलोन् मैल रस्त्याच्या सोबतीने चालते. डोंगरांच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या. वस्ती विरळ. माथ्यावर वाघजाईचे देऊळ आहे, तेथे भजी-वडापावच्या टपऱ्या आणि माकडांच्या टोळ्या. आम्ही देवळात गेलो नाही, भजी मात्र खाल्ली. टपरीच्या मागून खाली पाहिले की कोकण एकदम पायाशी येते. कावळ्या किल्ल्याचा डोंगर फोडून हा रस्ता काढला आहे. पावसाळ्यात येथे दरडी कोसळतात, त्या दिवसांत घाट कधी अवजड वाहनांना तर कधी सर्वांनाच बंद ठेवतात. तेव्हा निघण्यापूर्वी भोरला किंवा महाडला चौकशी केल्याशिवाय या रस्त्याला लागू नये.

उतारावर टर्बोचा काही प्रश्न नसतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवते. माझेरी, बिरवाडी करत साडेदहाला महाडात पोहोचलो.

वीस मार्चला महाडात मुंगीला शिरायला जागा नसते. आम्ही गेलो त्या दिवशी चवदार तळे शांत होते. चारी बाजूंनी बांधलेल्या पायऱ्या, पाण्यावर ऊन, मधोमध बाबासाहेब. तळे मी अनेकदा पाहिले आहे, पण अशा शांततेत प्रथमच. सूनबाई पायऱ्या उतरून गेली आणि ओंजळीत पाणी घेऊन बराच वेळ नुसती धरून उभी राहिली.

तेथे बसून भाच्याला मी तारखा सांगितल्या, कारण त्याला वाटत होते की बाबासाहेब आले, पाणी प्यायले आणि तळे खुले झाले. प्रत्यक्षात तळे कागदावर आधीच खुले होते. रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मांडला आणि तो ऑगस्ट १९२३ मध्ये पास झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे असावेत. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला आणि एकही माणूस पाण्यापर्यंत गेला नाही. मार्च १९२७ च्या परिषदेला हजारो माणसे आली. त्यांना प्यायला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, तळे हाकेच्या अंतरावर असताना. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी त्या परिषदेसाठी खस्ता खाल्ल्या. वीस मार्चला बाबासाहेब पुढे आणि माणसे मागे, अशी तळ्यावर गेली. त्यानंतर मारहाण झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद. तिला जागा कोणी देईना, ती फत्तेखान यांनी दिली. सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा दावा कोर्टात चालू राहिला, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.

भाचा बोटे मोजत होता. म्हणाला, "मामा, तेवीस ते सत्तावीस, साडेतीन वर्षं. आणि सत्तावीस ते सदतीस, दहा. केवढा लॅग."

मी म्हटले, "आणि तो आपोआप सरला नाही."

क्रांतिस्तंभाला वंदन करून, राष्ट्रीय स्मारक पाहून, दुपारी अक्काने आणलेल्या भाकरी आणि ठेचा झाडाखाली बसून खाल्ला. तीनला परत निघालो.

गाडीची खरी परीक्षा आता होती. बिरवाडी सोडली की चढ सुरू होतो, आणि वळणे अशी की गाडी जवळजवळ उभी करून वळवावी लागते. अशा वळणावर वेग मोडतो, इंजिन मंदावते आणि टर्बो झोपी जातो. वर चढ, आत पाच माणसे. भाच्याने सकाळपासूनची रीत बदलली होती. वळण दिसले की वळणाच्या आधीच दुसरा गिअर. पाय एकदम न दाबता वळताना हलकेच ठेवलेला, म्हणजे चाक फिरते राहावे. गाडी सरळ होईपर्यंत शिट्टी ऐकू येऊ लागे आणि ती धक्का न देता वर चढे. अरुंद वळणावर पूर्ण थांबावे लागले तेव्हा त्याने पहिला गिअर टाकायला लाज मानली नाही. दाजी मागून म्हणाले, "हां. आता कळतंय पोराला."

माथ्याच्या खाली एस.टी. पुढे लागली. भाचा तिच्या मागे शांत राहिला. मग थोडी रुंद जागा आली. एस.टी.च्या ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून जा म्हणून खूण केली. गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये होती, काटा तीन हजारांवर. भाच्याने अक्काकडे पाहिले. अक्काने समोर बघितले, मागे बघितले, आणि म्हणाली, "काढ." गाडी एका दमात पुढे गेली. अक्का काही बोलली नाही, पण तिने पिशवीची कडी सोडली.

ज्यांच्या घरी अशा टर्बोच्या गाड्या आल्या आहेत, आणि आता त्या छोट्या गाड्यांतही सर्रास येतात, त्यांच्यासाठी दोन व्यवहारी गोष्टी. इंजिनऑईल वेळेवर आणि सांगितलेल्या प्रतीचेच घालावे, कारण लाखावर फिरणारे ते चाक तेलावरच तरंगते. तेथे काटकसर करणारा पुढे टर्बोच बदलतो, आणि तो खर्च दोन-तीन हप्त्यांचा असतो. ही गाडी आता बनत नसल्याने सुट्या भागांचीही शोधाशोध करावी लागते. पेट्रोलचा हिशेब असा: आमचा जाऊन-येऊन प्रवास दोनशे सत्तर किलोमीटर, पेट्रोल चोवीस लिटर. घाटात दुसऱ्या गिअरवर चालवले की गाडी पिणारच. एस.टी.ने पाच जणांचा खर्च याहून पुष्कळ कमी आला असता, हे अक्काने भोरपासून कापूरहोळपर्यंत दोनदा सांगितले.

रात्री आठला येरवड्यात पोहोचलो. सामान उतरवले तरी भाच्याने इंजिन बंद केले नाही. अक्का म्हणाली, "आता कशाला जाळतोस पेट्रोल?" तो म्हणाला, "घाट चढून आलीय. टर्बो तापलाय, मिनिटभर असंच चालू ठेवायचं." दाजी म्हणाले, "आमचा मालक गाडी आली की चावी काढून घ्यायचा. आम्ही सांगून दमलो." मग ते अंगणात उभे राहिले, मनगटावरचे घड्याळ डोळ्यांजवळ धरले आणि मिनिट मोजू लागले.